मेंढीच्या यकृतातली तांब्याची तिजोरी

बालमित्रांनो, एक गंमत तुमच्या लक्षात आली आहे का? पाणी पिण्याच्या भांड्याला आपण 'तांब्या' म्हणतो. आता घरोघरी तो स्टीलचा असतो, पण नाव मात्र तांब्याच! पूर्वी तो खरोखरच तांब्याचा असायचा, म्हणून हे नाव पडलं आणि धातू बदलला तरी ते टिकून राहिलं.

हे आज आठवायचं कारण म्हणजे सातवीतल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र. ती लिहिते, 'आमची आजी रात्री तांब्याच्या कळशीत पाणी भरून ठेवते आणि सकाळी आम्हाला तेच पाजते. पण परवा मी तांब्याच्या भांड्यात ताक ओतायला गेले, तर तिनं माझ्या हातातून भांडंच काढून घेतलं. म्हणाली, कळकेल ना ते! काका, तांबं चांगलं की वाईट, एकदा काय ते ठरवा.'

ठरवतो, पण त्याआधी तुम्हाला माझ्याबरोबर मेंढ्यांच्या कळपात यावं लागेल. हसू नका! तांब्याच्या बाबतीत मेंढीइतका नाजूक प्राणी शोधून सापडणार नाही. थोडं कमी पडलं तरी ती आजारी, थोडं जास्त झालं तरी तिच्या जिवावर बेततं. म्हणूनच शास्त्रज्ञांनी तांब्याबद्दलचं कितीतरी ज्ञान मेंढीकडून मिळवलं आहे.

लटपटणारी कोकरं

पहिली गोष्ट ऑस्ट्रेलियातली. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ शहराच्या उत्तरेला जिंजिन नावाचा भाग आहे. तिथल्या कोकरांना एक विचित्र रोग व्हायचा. चालताना त्यांचे मागचे पाय लटपटायचे, कंबर डुलायची, पळायला गेली की ती धडपडून पडायची. पुष्कळशी मरून जायची. तिथल्या मोठ्या मेंढ्यांची लोकरही बिघडलेली असायची. मेंढीची लोकर कशी छान कुरळी असते! यांची मात्र तारेसारखी सरळ आणि ताठ. तिकडचे लोक तिला 'पोलादी लोकर'च म्हणत.

एच. डब्ल्यू. बेनेट्स नावाच्या पशुवैद्यानं या रोगाचा पिच्छा पुरवला. १९३७ मध्ये त्यानं दाखवून दिलं, की त्या भागातल्या जमिनीत तांबं फार कमी आहे. जमिनीत नाही म्हणून गवतात नाही, गवतात नाही म्हणून मेंढीत नाही आणि मेंढीतच नाही तर तिच्या पोटातल्या कोकराला कुठून मिळणार? गाभण मेंढ्यांना थोडंसं तांबं खायला दिल्याबरोबर कोकरं धडधाकट जन्मू लागली.

इतकं कशाला लागतं हो तांबं? तुमच्या-माझ्याही शरीरात ते आहे, पण अगदी चिमूटभर. मोठ्या माणसाच्या सगळ्या शरीरात मिळून सुमारे १०० मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहावा भाग. पण त्याच्यावाचून अडतं! पेशींना अन्नातून शक्ती मिळवायला तांबं लागतं. मज्जातंतूंवरचं आवरण नीट घडायला लागतं. केसांना काळा रंग यायला लागतं. लोकरीच्या धाग्यात गंधकाचे जे बारीक टाके असतात, तेही तांब्याशिवाय नीट पडत नाहीत. टाके पडले नाहीत की धागा कुरळा न होता सरळ वाढतो.

भिंतीबाहेरच्या मेंढ्या

दुसरी गोष्ट अगदी उलट आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत. त्यातल्या नॉर्थ रोनाल्डसे या चिमुकल्या बेटाला भोवतीनं दगडी भिंत आहे. १८३२ मध्ये बांधलेली, माणसाच्या उंचीची आणि सुमारे २० किलोमीटर लांब. तुम्हाला वाटेल शत्रू येऊ नये म्हणून बांधली असेल. छे! मेंढ्या शेतात येऊ नयेत म्हणून! शेतं आणि कुरणं भिंतीच्या आत, आणि मेंढ्या बाहेर, समुद्राच्या काठावर.

मग बिचाऱ्या खातात काय? समुद्रशैवाल! ओहोटी लागली की त्या खडकांवर उतरतात, शैवाल चरतात आणि भरती आली की वर येऊन निवांत रवंथ करत बसतात. त्यांचं घड्याळ चंद्रावर चालतं म्हणा ना. फक्त वीण जवळ आली की माद्यांना काही महिने आत गवतावर घेतात.

शैवालात तांबं फारच कमी मिळतं. पिढ्यान् पिढ्या त्यावर जगलेल्या या मेंढ्यांचं शरीर मिळेल तो कण न् कण शोषून घ्यायला तयार झालं आहे. आणि तिथेच घोटाळा होतो. या मेंढ्या दुसरीकडे नेऊन साध्या गवतावर कायमच्या ठेवल्या, तर तांब्याच्या विषबाधेनं मरू शकतात. जे गवत खाऊन इतर मेंढ्या धष्टपुष्ट होतात, तेच यांना विष!

इतर जातीच्या मेंढ्याही या बाबतीत फार मजबूत नाहीत बरं का. जास्तीचं तांबं शरीराबाहेर टाकायचं काम यकृत करतं. ते तांबं पित्तात सोडतं आणि पित्तावाटे ते शेणात जातं. मेंढीला हेच काम नीट जमत नाही. त्यामुळे तांबं यकृतात साठत राहतं. आठवडे जातात, महिने जातात, वरून काही दिसत नाही. मेंढी चरते, खेळते. मग एक दिवस प्रवासाची दगदग किंवा चाऱ्याची टंचाई असं काहीतरी निमित्त होतं आणि यकृतातलं तांबं एकदम रक्तात येतं. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते आणि दोन-चार दिवसांत मेंढी दगावते.

वीस हुकांची साखळी

आता तुम्ही विचाराल, महिनोन् महिने साठलेलं तांबं इतके दिवस गप्प कसं बसलं? त्याचं उत्तर म्हणजे आपल्या आजच्या गोष्टीचा नायक. त्याचं नाव आहे मेटॅलोथायोनिन. नाव लांबलचक, पण वस्तू अगदी छोटी! १९५७ मध्ये अमेरिकेत मार्गोशेस आणि व्हॅली या दोघांनी हे प्रथिन प्रथम वेगळं काढलं. कशातून? घोड्याच्या मूत्रपिंडातून.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ, हे तुम्हाला शाळेत शिकवलंच असेल. या माळेत मणी साधारण ६१ असतात. त्यांपैकी तब्बल २० मणी एकाच प्रकारचे, सिस्टीन नावाचे! सिस्टीनमध्ये गंधक असतं आणि गंधकाला तांबं, जस्त असे धातू घट्ट पकडायची सवय. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका माळेत १४१ मणी असतात आणि त्यांत सिस्टीनचा मणी फक्त एक! आता तुम्हीच पाहा, मेटॅलोथायोनिन म्हणजे जणू वीस हुका लावलेली साखळी. ती धातूच्या अणूंभोवती गुंडाळते आणि त्यांना कुलूपबंद करते. जस्ताचे सात अणू किंवा तांब्याचे बारापर्यंत अणू तिच्यात मावतात.

कुलूप हवंच, कारण पेशीत मोकळं फिरणारं तांबं म्हणजे दिवाळीत घरात शिरलेलं भुईचक्र. जिथे जाईल तिथे चटके देणार. म्हणून पेशी त्याला मोकळं सोडतच नाही. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी यीस्टच्या पेशींचा हिशेब मांडला, तेव्हा एका पेशीत तांब्याचा सरासरी एक अणूसुद्धा मोकळा नाही असं निघालं. प्रत्येक अणू कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात!

आजीची वही

ही तिजोरी बनवायची कृती कुठे लिहिलेली असते? अर्थात जनुकात. प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबच लांब धागा असतो आणि त्याच्यावर जागोजागी प्रथिनांच्या कृती लिहिलेल्या असतात. एक कृती म्हणजे एक जनुक.

पण ही कृती सलग नसते. आजीची जुनी पाककृतींची वही आठवा. पुरणपोळीची कृती अर्धी लिहून झाली, मध्येच दूधवाल्याचा हिशेब, मग पुढची कृती, मग कुणाचा तरी पत्ता आणि शेवटी उरलेली कृती. आपण वाचताना हिशेब आणि पत्ता सोडून देतो ना? पेशीही तसंच करते. मेटॅलोथायोनिनच्या जनुकात कृतीचे तीन तुकडे असतात आणि त्यांच्यामध्ये दोन वगळायचे भाग. कामाच्या तुकड्यांना एक्झॉन म्हणतात आणि वगळायच्या भागांना इंट्रॉन. पेशी आधी सगळ्याची नक्कल करते, मग इंट्रॉन कापून टाकते आणि तीन तुकडे जोडून एक सुटसुटीत चिठ्ठी बनवते. तिचं नाव संदेशवाहक आरएनए. त्या चिठ्ठीवरून मण्यांची माळ ओवली जाते.

मेंढीकडे अशी एकच कृती नाही बरं का! ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९८८ मध्ये मेंढीच्या डीएनएवर शेजारी शेजारी असलेले या कुटुंबातले पाच जनुक वाचून काढले. मूळ एका जनुकाच्या नकला होत होत असं कुटुंब तयार होतं. एका वहीतली कृती पाच पानांवर उतरून काढावी, प्रत्येक वेळी चार अक्षरं इकडची तिकडे व्हावीत, तसंच.

आता यातली खरी गंमत. कृती लिहिलेली असली म्हणून आजी रोज पुरणपोळ्या करते का? नाही! सण आला, पाहुणे आले की करते. जनुकाचंही तसंच आहे. जनुक जागा होऊन त्याची कृती अमलात येणं, याला शास्त्रज्ञ 'अभिव्यक्ती' म्हणतात. मेटॅलोथायोनिनच्या जनुकाच्या सुरुवातीला एक बटण असतं. ते दाबणारं प्रथिन निराळं, त्याला आपण पहारेकरी म्हणू. पेशीत तांबं आलं की ते आधीच्या तिजोऱ्यांमध्ये घुसतं आणि तिथे बसलेल्या जस्ताला बाहेर ढकलतं. मोकळं झालेलं जस्त पहारेकऱ्याला चिकटतं. पहारेकरी जागा होतो, जनुकाचं बटण दाबतो आणि भराभर नव्या चिठ्ठ्या निघून नव्या तिजोऱ्या तयार होऊ लागतात. तांबं वाढलं तर तिजोऱ्या वाढणार, तांबं ओसरलं की काम मंदावणार. आहे की नाही चोख व्यवस्था? जनुक किती जागा आहे हे पाहायचं असेल, तर शास्त्रज्ञ पेशीतल्या चिठ्ठ्या मोजतात.

पण कितीही तिजोऱ्या बनवल्या तरी बाहेर जायची वाट अरुंद असेल तर घर एक दिवस भरणारच. मेंढीचं दुखणं हेच आहे.

लोकरीनं सांगितलेलं गुपित

आता ही तिसरी गोष्ट नीट वाचा. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. जॉन मेंकेस यांनी लहान मुलांच्या एका दुर्मीळ रोगाचं वर्णन केलं. एकाच कुटुंबातल्या पाच मुलग्यांना तो झाला होता. जन्मल्यावर काही आठवडे बाळ ठीक असायचं, मग त्याची वाढ खुंटायची, झटके यायचे. केस विरळ, फिकट आणि पिळवटलेल्या तारेसारखे व्हायचे. बाळं फार दिवस जगत नसत. कारण कुणालाच कळत नव्हतं.

मेलबर्नच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. डेव्हिड डँक्स यांनी अशी बाळं तपासली. डँक्स ऑस्ट्रेलियातले, म्हणजे मेंढ्यांच्या देशातले. ते केस पाहून त्यांना आठवली ती तांब्यावाचून बिघडलेली पोलादी लोकर! त्यांनी बाळांच्या रक्तातलं तांबं मोजलं, तर ते खूपच कमी. १९७२ मध्ये त्यांनी जगाला सांगितलं, की या बाळांचं शरीर तांबं घेऊच शकत नाही.

पुढे १९९३ मध्ये या रोगाचा जनुक सापडला. तो शोधणाऱ्यांमध्येही मेलबर्नचे संशोधक होते. हा जनुक तांब्याचा पंप बनवतो. या पंपाच्या तोंडाशी तांबं पकडणारे सहा हात असतात. पंप बिघडला, की जेवणातलं तांबं आतड्याच्या पेशीत येतं, पण तिथून रक्तात जातच नाही. आतड्याच्या पेशी ते मेटॅलोथायोनिनच्या तिजोरीत कोंडून ठेवतात आणि बाळाच्या मेंदूला मात्र कण मिळत नाही. आज जन्मल्यावर लवकर निदान झालं, तर तांब्याची इंजेक्शनं देऊन काही बाळांना मदत करता येते.

याच्या उलट विल्सन नावाचा रोग आहे. त्यात यकृतातला पंप बिघडतो आणि तांबं मेंढीसारखं साठत जातं. त्यावरच्या औषधांपैकी एक आहे साधं जस्त! ते आतड्यातल्या पहारेकऱ्याला जागं करतं, आतड्यात तिजोऱ्या वाढतात, अन्नातलं तांबं तिथेच अडकतं आणि जुन्या पेशींबरोबर बाहेर पडतं. बघा, जनुकाचं बटण कसं चालतं हे कळलं की त्याचा औषधासारखा उपयोग करता येतो.

पितळेच्या पातेल्यातलं दूध

आणि आता आपल्या पुण्याची गोष्ट. आजी-आजोबांना विचाराल तर त्यांना आठवेल. एके काळी आपल्या देशात एक-दोन वर्षांच्या बाळांचं यकृत कठीण होऊन जायचं, पोट फुगायचं आणि बाळ दगावायचं. एकेका घरात तर दोन-दोन मुलं जायची. त्या बाळांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलेलं सापडे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनमधले डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी याचा शोध घेतला. १९८३ मध्ये त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. आजारी बाळांच्या आणि निरोगी बाळांच्या घरी काय वेगळं होतं? आजारी बाळांना फार लवकर वरचं दूध सुरू केलेलं असे आणि ते दूध बहुधा तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं किंवा ठेवलेलं असे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन तांब्याला धरून ठेवतं आणि दुधाबरोबर ते बाळाच्या पोटात जातं. त्यातून बाळाच्या यकृतात जन्मतःच तांब्याची शिदोरी असते, कारण आईच्या दुधात तांबं थोडंच असतं. आधीच भरलेल्या तिजोरीत रोज नवी भर पडली तर काय होणार, ते मेंढीनं आपल्याला सांगितलंच आहे.

हे समजल्यावर डॉक्टरांनी आयांना भांडं बदलायला सांगितलं. घरोघरी स्टीलही आलं आणि एके काळी घराघरांत धास्ती असलेला हा रोग जवळपास दिसेनासा झाला. ना नवी लस, ना मोठी यंत्रं. पातेलं बदललं आणि बाळं वाचली!

तर मग, आजीचं काय?

मैत्रिणी, तुझ्या आजीचं दोन्ही बरोबर आहे. साध्या पाण्यात तांबं फार थोडं उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे २ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. स्वच्छ घासलेल्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सहसा त्याच्या आत राहतं. पण ताक, चिंचेचं सार, लिंबाचं सरबत असं काही आंबट ठेवलं, की आम्ल भांड्यातलं तांबं खेचून घेतं. चव कडवट होते आणि पोटात मळमळतं. यालाच आजी 'कळकलं' म्हणते. पूर्वी कल्हईवाला दारी यायचा आणि भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा, तो याचसाठी.

घरी करून पाहा : काळवंडलेल्या तांब्याच्या भांड्याच्या बाहेरच्या बाजूला अर्ध्या भागावर चिंच आणि मीठ चोळा. दोन मिनिटांत तो भाग लखलखेल. वरचं काळं कुठे गेलं? चिंचेच्या चोथ्यात! तो चोथा फेकून द्या, भांडं आणि हात स्वच्छ धुवा.

पालकांसाठी : घरी मेंढ्या असतील, तर गाई-म्हशींचं खनिज मिश्रण किंवा चाटण वीट त्यांना देऊ नका, त्यात तांबं जास्त असू शकतं. मेंढ्यांसाठी वेगळं बनवलेलंच वापरा आणि पशुवैद्यांना विचारून द्या. आणि तान्ह्या बाळाचं दूध तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात कधीही नको.

जाता जाता तुमच्यासाठी कोडं. एका काळ्या मेंढीची लोकर कातरली. प्रत्येक केसाचं टोक काळं, मध्ये करडा पट्टा आणि मुळाशी पुन्हा काळं. लोकर मुळाकडून वाढते, हे विसरू नका. तर या मेंढीच्या खाण्यात गेल्या वर्षभरात काय काय घडलं असेल? उत्तर पोस्टकार्डावर लिहून धाडा. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटूच!